रुमालाखाली

माझा बाप दादू तोलार. त्याच्या काळात
हळदीचा सौदा रुमालाखाली व्हायचा.
अडत्या आणि खरेदीदार, दोघांचे हात एका पांढऱ्या फडक्यात,
आत बोटं बोटांना दाबायची,
चार बोटं, मग अर्धं पेर, मग नुसती चिमटी,
आणि ज्याची हळद तो समोर पोत्यावर बसून
फडक्याची हालचाल बघायचा.
भाव ठरला की दोघं हसायचे.
त्याला कडता कापून पट्टी मिळायची.

आता लिलाव उघड्यावर होतो. बोर्ड आहे, माईक आहे.
फडकं गेलं, असं आम्हाला वाटलं होतं.

सांगलीत आमच्या बाजूला गट दोनच.
चिन्हं बदलतात, रंग बदलतात, गट तेच.
मागच्या खेपेला वरच्यांनी खालच्याला चोर म्हटलं,
या खेपेला वरचे निम्मे खाली आलेत
आणि चोर स्टेजवर मधल्या खुर्चीत.
एकाची पोरगी दुसऱ्याच्या पोराला दिली,
हरिपूर रोडला हॉल होता, हमालांनाही पत्रिका.
पंगतीत मी बघितलं,
दोघे व्याही एकमेकांना जिलबीचा आग्रह करत होते.
हाजराबी म्हणाली,
"खा गं, आपल्याच कडत्यातली हाय."

परवा चॅनेलचा पोरगा आला गोदामात,
शर्टाला हळद लागू नये म्हणून दारातच उभा.
"मावशी, हवा कुणाची?"
म्हटलं, "बाबा, हळदीच्या गोदामात हवा येत न्हाई.
पंखा मागून तीन वर्सं झाली."
तो हसला. मीही हसले.
रात्री टीव्हीवर माझं हसणं तेवढं दाखवलं,
आवाज कापलेला, खाली अक्षरं पळत होती:
यार्डातल्या महिलांमध्ये उत्साह.
मग खालच्या गटाच्या दूध संघाची जाहिरात,
मग वरच्या गटाच्या पतसंस्थेची.
धाकटा म्हणाला, "आई, पट्टीत आलीस तू."
पट्टी. म्हणजे सगळं कापून उरलेलं.

आयर्विन पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे आहेत.
पाणी चाळिसाला आलं की चाळीसच.
पुरात सगळं गाव त्या खांबाकडं बघतं,
त्याला अजून कुणी पाकीट दिलेलं नाही,
कसं देणार, खांबाला खिसा नाही.

मतदान शाळेत होतं. रांगेत अडीच तास,
पुढं मुलींच्या संडासाला कुलूप.
शाईवाल्या मास्तरांनी माझं बोट धरलं आणि थबकले.
वीस वर्षांची हळद, नखाच्या कडेला, भेगांत.
"बाई, बोट धुऊन यायचं."
"धुतलंय, मास्तर."
त्यांनी तशीच काडी ओढली. रेघ काळी नाही झाली,
शेवाळासारखी झाली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले.
वरचा, खालचा, मग अपक्ष,
त्यातला एक तर वरच्याच्या नावाचा माणूस शोधून
खालच्यानं उभा केलेला,
आणि सगळ्यात खाली, फोटो नसलेली ओळ:
यापैकी कोणीही नाही.
का कोण जाणे, मी पदर हातावर ओढला.
बापानं जन्मभर दुसऱ्यांचाच रुमाल बघितला.
पदराखाली माझी बोटं माझ्याच बोटांशी
घासाघीस करत राहिली,
मास्तर दोनदा खाकरले.
मग मशीन वाजलं. लांबलचक.

बाहेर वरच्यांचा एक, खालच्यांचा एक,
एकाच टेम्पोच्या सावलीत बसून
एक कटिंग दोघांत करत होते.
दोघांनीही मान वर केली, "मावशी, आपलंच ना?"

"कडता कापून सांगते," म्हटलं,
आणि हाजराबीसाठी थांबले.
तिची रांग अजून हलली नव्हती.